निळ्याचा एक थेंब

पट्टी काढून नर्सनं समोर पाहायला सांगितलं तेव्हा समोरची भिंत निळी होती. "ही भिंत कधी रंगवली?" शामराव उमाळ्यांनी विचारलं. गेल्या दोन महिन्यांत ते चार वेळा येऊन याच खुर्चीवर बसले होते आणि तेव्हा भिंत शिळ्या सायीच्या रंगाची होती. नर्स हसली. "सफेद ही है अंकल. पहले दिन सबको ऐसा लगता है." त्यांनी ऑपरेशन झालेला उजवा डोळा हातानं झाकला. डाव्या डोळ्यापुढे सायीची भिंत परत आली. हात बदलला, भिंत पुन्हा निळसर पांढरी, नीळ दिलेल्या धोतरासारखी. भिंत एकच, ट्यूबलाइट एकच, मध्ये फक्त आपला तळहात. डॉक्टर आले, टॉर्च मारून पाहिलं आणि सांगितलं की वयाबरोबर डोळ्यातलं भिंग नुसतं धुरकट होत नाही, पिवळंही होत जातं. पिवळ्या काचेतून पाहिल्यासारखं. एका डोळ्यातली काच आपण काढली, दुसऱ्यातली महिन्याभरानं काढू. "किती दिवसांपासून असेल हे?" शामरावांनी विचारलं. "दिन? दस-बारह साल से चल रहा होगा. धीरे-धीरे होता है, इसलिए आदमी को पता नहीं चलता." डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले. मुलगा निखिल खांद्याला हात लावून "बाबा, चला न" म्हणाला तेव्हा शामराव उठले. पण जिना उतरताना ते दहा-बारा वर्षं मागे मोजत गेले.

पहिले पंधरा दिवस त्यांनी मजाच केली. गाडी सिविक सेंटरवरून आली तेव्हा दुकानांच्या पाट्यांमध्ये इतके निळे होते की त्यांनी निखिलला गाडी हळू घ्यायला लावली. शाळेतून सुटलेल्या मुलींच्या रिबिनी, औषधाच्या दुकानावरची पाटी, स्टील प्लॅन्टमधून सुटलेल्या माणसांच्या वर्दीचा विटका निळा, आणि या सगळ्यावर आकाश. आकाश इतकं निळं असतं हे आपण केव्हा विसरलो? विसरलो तेही कळलं नाही. घरी ते आलटून पालटून डोळे झाकत आणि क्वार्टरभर हिंडत. उजव्या डोळ्यानं पाहिलं की मागच्या अंगणातला तुळशीचा ओटा, बाथरूमच्या फरशा, सून नूतनच्या वह्यांचे कागद, सगळं धुऊन काढल्यासारखं थंड आणि लख्ख. डाव्या डोळ्यानं पाहिलं की तेच घर उन्हं उतरताना दिसतं तसं, तांबूस, जुनं, ऊबदार. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की डाव्या डोळ्यातलं घर हे बायकोच्या, रमाच्या, शेवटच्या वर्षांतलं घर आहे. चार वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा ते या पिवळ्या उजेडात होते. तिचा चेहरा, तिची उशी, तिच्या हातातला कप, सगळं त्यांनी त्याच काचेतून पाहिलं होतं. मग ते दुपारी पलंगावर पडून उजवा डोळा झाकत आणि नुसत्या डाव्या डोळ्यानं खोली पाहत राहत. महिन्याभरानं हे जाणार होतं. दुसऱ्या डोळ्याची तारीख नंतरची मिळेल का, असं त्यांनी निखिलला विचारलं.

रंग हे त्यांचं आयुष्यभराचं काम. भंडाऱ्याहून ते विशीत भिलाईला आले ते प्लॅन्टच्या सेफ्टी डिपार्टमेंटात बोर्ड रंगवायला. हेल्मेट घाला, दोराला हात लावू नका, लाल पट्टीच्या आत उभे राहू नका. उंच शिडीवर बसून सात-आठ वर्षं त्यांनी हाताएवढी अक्षरं काढली. मग एक दिवस प्लॅन्टच्या दवाखान्यातून बोलावणं आलं. तिथे डॉक्टर बागची नावाचे सर्जन होते आणि शिकाऊ डॉक्टरांना शिकवण्यासाठी त्यांनी ऑपरेशनचे फोटो काढवून घेतले होते. स्लाइडी धुऊन आल्या तेव्हा बागचींनी त्या भिंतीवर पाडून दाखवल्या आणि कपाळाला हात लावला. एका स्लाइडीत लिव्हर विटेसारखं, दुसरीत तेच लिव्हर काळं. "ये देखके लड़का लोग क्या सीखेगा? कैमरा झूठा बोलता है. बरनी में रखो तो सब भूरा हो जाता है. तुम आँख से देखो और बनाओ." बरणीतला अवयव औषधाच्या पाण्यात करडा पडतो, फोटोत दिव्याचा रंग मिसळतो, आणि पोटातून बाहेर काढलेल्या मांसाचा रंग दहा मिनिटांत मरतो. खरा रंग फक्त जिवंत माणसाच्या उघड्या पोटात, तेवढा वेळ, असतो. तो पाहून, डोळ्यांत धरून, शेजारच्या खोलीत जाऊन कागदावर उतरवायचा, हे काम.

पहिल्याच दिवशी शामराव ऑपरेशनच्या खोलीतल्या स्टुलावर उभ्या उभ्या गार पडले. त्यांना धरलं ते ऑपरेशनच्या सिस्टरनं. तुमसरची, अंगानं बारीक, मास्कच्या वर फक्त डोळे. त्यांना भिंतीशी बसवून ती म्हणाली, "रक्ताकडे नका पाहू जी. रक्त सगळ्याचंच सारखं असते. ते पुसलं का मंग त्याच्या खालचं पाहा." ती ओल्या कपड्यानं आतडं अलगद पुसायची आणि क्षणभर हात बाजूला घ्यायची, तेवढाच त्यांचा वेळ. नंतर कागदावर काम चालू असताना ती जेवणाच्या सुट्टीत येऊन मागे उभी राहायची. "नाही, इतकं लाल नाही. चांगलं आतडं कसं असते सांगू का, महिन्याभराच्या लेकराची टाच पाहिली का? तसं." पित्ताची पिशवी पारव्याच्या गळ्यासारखी, चरबी लोण्यासारखी पण थोडी ओली, लिव्हर भिजवलेल्या चिंचेसारखं, आणि रक्त तुटलेलं, मरत चाललेलं आतडं आधी जांभळट, मग वांग्यासारखं. शामराव ऐकत आणि कुंचला हलवत. पहिल्या एका वर्षात त्यांनी एकवीस तक्ते काढले आणि बाविसावा काढायच्या आधी त्या सिस्टरशी, रमाशी, लग्न केलं. आता त्यांना वाटे की जिवंत माणसाच्या आतलं आपण जे काही पाहिलं ते खरं तर तिच्या बोलण्यातून पाहिलं. डोळे आपले होते, पण कुठे पाहायचं ते तीच सांगत होती. संध्याकाळी दोघं सायकलवरून घरी येत तेव्हाही ती मागे बसून रस्त्यावरच्या वस्तूंना रंगाची नावं देत राही, आणि चुकलं तर पाठीवर चापट मारी.

तेच तक्ते नऊ वर्षांपूर्वी धर्मेंद्रला आठवले. धर्मेंद्र म्हणजे सेफ्टीतल्या त्यांच्या जुन्या सोबत्याचा, कवडू झाड्याचा मुलगा. त्यानं हथखोजला एक छोटा कारखाना काढला होता; तिथे सर्जरी शिकणाऱ्यांसाठी सिलिकॉनचे अवयव बनत. रबरासारखं मऊ आतडं, कापता येणारं, शिवता येणारं. कातडी, लिव्हर, पित्ताची पिशवी. "काकाजी, आकार तर मशीन काढून देते," तो म्हणाला होता, "पण रंग कोण सांगन? तुम्ही जिवंत पाहिलं आहे. तुम्ही हो म्हणान तोच रंग." तेव्हापासून शामराव आठवड्यातून तीन दिवस तिथे जात. रंग मिसळायचं काम अपेक्षाकडे होतं. तिचे वडील दुर्गला रेल्वेत होते. लग्न करून ती उतईला गेली, आणि रोज स्कूटरनं हथखोजला येई. चौतिशीची, दोन लेकरांची आई, हात विलक्षण स्थिर. पांढऱ्या वाटीत ती सिलिकॉन घेई, त्यात ड्रॉपरनं रंगाचे थेंब टाकी, पट्टीनं घोटून काचेवर ओढी आणि काच खिडकीशी नेऊन शामरावांकडे पाही. शामराव डोळे बारीक करून बघत. त्यांच्या होकारावर माल बाहेर पडे. सर्वांत जास्त खप आतड्याच्या संचाचा होता. एका डब्यात तीन तुकडे: निरोगी, शंकेचं आणि मेलेलं. पोटात पीळ पडलेलं आतडं सोडवल्यावर ते ठेवायचं की कापून टाकायचं, हे सर्जनला बऱ्याच अंशी रंगावरून ठरवावं लागतं. निर्जीव आतडं आत राहिलं तर माणूस जातो. पोरांनी हे तीन रंग डोळ्यांत मुरवून मग माणसाच्या पोटाशी जावं, अशी त्या डब्याची कल्पना होती. ती शामरावांचीच.

धूळ टाळायला सांगितली होती म्हणून ते तीन आठवड्यांनी कारखान्यात गेले. अपेक्षानं पाया पडून डोळ्याची चौकशी केली, नवीन तीन तुकडे ओळीनं खिडकीखालच्या टेबलावर मांडले आणि बाजूला उभी राहिली. शामरावांनी पाहिलं. पहिला तुकडा जांभळट होता. दुसरा त्याहून गडद. तिसरा काळा.

"निरोगी कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"हेच आहे न जी. पहिलं."

"हे शंकेचं आहे. क्रम चुकवला तू."

"नाही काकाजी," ती हळूच म्हणाली. "हेच निरोगी. मागच्या मालासारखंच आहे."

त्यांनी उजवा डोळा झाकला. डाव्या डोळ्यापुढे तुकडा गुलाबी झाला. नितळ, जिवंत, हवा तसा. हात काढला, तो पुन्हा जांभळट, रक्त तुटलेल्या आतड्याचा. ते स्टुलावर बसले. स्टीलच्या कपाटात नऊ वर्षांपूर्वीचा पहिला नमुना काळ्या कागदात गुंडाळून ठेवला होता. गेली सहा वर्षं त्यांनी तो काढू दिला नव्हता. जुनं सिलिकॉन पिवळं पडतं, त्याच्यावर विश्वास ठेवू नका, असं त्यांनीच सांगितलं होतं. आता काढून शेजारी ठेवला. दोन तुकड्यांत जिवंत आणि मृत एवढं अंतर होतं. पण हेही म्हणता आलं असतं की नमुनाच बदलला असेल. तेव्हा अपेक्षानं तिची वही काढली. प्रत्येक वेळच्या मिश्रणात कोणता रंग किती पडला ते तिनं आणि तिच्या आधीच्या बाईनं, मैनाबाईनं, लिहून ठेवलं होतं. निरोगी आतडं, पहिला माल: निळा, दोन थेंब. पुढच्या वर्षी तीन. मग चार. मग पाच. आजचा: नऊ. वहीत दुसरं काही बदललं नव्हतं. शामरावांना स्वतःचा आवाज ऐकू आला, दर वर्षाकाठी उठणारा, त्याच सुरातला: थोडं पिवळं वाटून राहिलं, निळ्याचा एक थेंब टाक.

"तुले दिसत होतं?" त्यांनी विचारलं.

अपेक्षा पट्टी पुसत राहिली. मग म्हणाली, "हाव."

"मग बोलली कावून नाही?"

"बोलली होती जी. एकदा. दोन वर्सं झाले."

मग त्यांना आठवलं. याच खिडकीशी ती म्हणाली होती, काकाजी, हे निळं नाही वाटत का? आणि ते म्हणाले होते, मी जिवंत आतडं पाहिलं आहे, तू पाहिलं का? चिडूनही नाही, हसून म्हणाले होते. पलीकडची माणसंही हसली होती.

"मंग मले वाटलं," ती म्हणाली, "खरंच असन तसं. जिवंत माणसाच्या पोटात थोडं निळं असत असन. मी कुठं पाहिलं आहे? मले पाहून हे भेसूर वाटे, पण तुम्ही गुलाबी म्हणत, तर मी घरी जाऊन लेकराच्या ओठाले पाहो, जिभीले पाहो, आणि म्हणो का आपलेच डोळे कच्चे आहेत."

घरी परतताना ऑटोत ते डोळे मिटून बसले. किती डबे गेले असतील? किती पोरांनी हा जांभळट तुकडा हातात घेऊन स्वतःला सांगितलं असेल, हे चांगलं, हे ठेवायचं? डोळे मिटले की दोन्ही डोळे सारखेच होत, आणि त्या अंधारात त्यांना निळ्या रंगाचा विचार येत राहिला. पिवळ्या काचेमागून निळा दिसत नाही. मग या दहा वर्षांत आपल्याला आणखी काय काय दिसलं नाही? हा प्रश्न त्यांनी दूर ठेवायचा प्रयत्न केला, पण क्वार्टरच्या फाटकाशी उतरताना तो आधीच आत जाऊन बसला होता. चहा न घेता त्यांनी निखिलच्या लग्नापासूनचे फोटो काढले. रमाच्या शेवटच्या वर्षातला एक होता. नातीच्या वाढदिवसाला ती खुर्चीत बसून हातात बशी धरून हसते आहे. शेवटच्या दोन वर्षांत तिला धाप लागे. जुना दमा आहे, ती सांगे, आमच्या तुमसरला घरोघर असते. स्वतः सिस्टर, तिला काय विचारणार. फोटो खिडकीशी नेऊन त्यांनी उजव्या डोळ्यानं पाहिला. ओठांवर लाली होती. पण बशी धरलेल्या बोटांची नखं निळसर होती. डाव्या डोळ्यानं नव्हती. उजव्या डोळ्यानं होती. आणि लगेच बागचींचं बोलणं आठवलं, कॅमेरा खोटं बोलतो. ट्यूबलाइटीत काढलेल्या फोटोत कुणाचीही नखं निळी येतात. त्यांच्याइतकं हे कुणाला माहीत होतं? आयुष्यभर ज्या फोटोवर विश्वास ठेवायचा नाही असं शिकलो, आज त्याच्याकडे उत्तर मागतो आहे. ते फोटो घेऊन स्वयंपाकघरात गेले. नूतन वाटाणे सोलत होती.

"नूतन, हिची नखं शेवटी निळी झाली होती का?"

तिचे हात थांबले. "तुम्हाले माहीत नव्हतं, बाबा?"

"नव्हतं."

"आम्हाले वाटलं, तुम्हाले दिसतच असन. तुम्ही तर..." ती थांबली. तुम्ही तर रंगाचे माणूस, हे तिनं म्हटलं नाही. मग शेंगा बाजूला सारून ती म्हणाली, "आई गेल्या त्याच्या आधी वर्षभर ओठ पण निळे दिसत होते. फुप्फुसाचं होतं. रायपूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं का आता फार काही होणार नाही, भरती करून ऑक्सिजनवर ठेवू. आईंनी निखिलकडून आणि माझ्याकडून शपथ घेतली. मले दवाखान्यात नाही मरायचं म्हणे, तीस वर्सं तिथंच काढली. मंग मले घेऊन सिविक सेंटरले गेल्या आणि लिपस्टिक घेतली. दुकानदाराले चार-पाच काढायला लावल्या. म्हणे, तुझ्या सासऱ्याची नजर लई वाईट आहे, ओठाकडं एकदा पाहतीन तर त्याइले समजून जाईन आणि मले उचलून भरती करतीन. असा रंग दे का त्याइले शंका नाही आली पाहिजे."

शामराव दाराला धरून उभे राहिले. ती लिपस्टिक त्यांना आठवत होती. जन्मात पावडर न लावलेल्या बाईनं पासष्टाव्या वर्षी ओठ रंगवले म्हणून त्यांनी तिची थट्टा केली होती. "म्हातारपणी शौक आला का?" "कावून, चांगली नाही दिसून राहिली का?" "दिसते न." ती खूप हसली होती, हसता हसता खोकली होती, आणि त्यांनी पाणी आणून दिलं होतं. तेव्हा त्यांना सुख वाटलं होतं. खरंच, त्या वर्षात ते सुखी होते. वर्षभर रोज सकाळी आरशापुढे उभी राहून ती निळा झाकत होती, आणि ज्याच्यापासून झाकत होती त्याला निळा दिसतच नव्हता. तिनं झाकला नसता तरी चाललं असतं. आणि तिला हे कळलं असतं तर? ज्या डोळ्यांना तिनं पाहायला शिकवलं ते विझत आलेत हे तिला कळलं असतं तर तिनं त्यांनाच धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं असतं, मग त्यांना तिचे ओठ दिसले असते, मग ती दवाखान्यात गेली असती, नळ्या लावून. यातलं काय बरं होतं? त्यांना रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. "तू सोल," ते नूतनला म्हणाले आणि समोर बसून स्वतःही शेंगा सोलू लागले. प्रत्येक दाणा इतका हिरवा होता की पाहवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते धर्मेंद्रपुढे जाऊन बसले. सगळं सांगितलं. धर्मेंद्रनं दोन्ही तुकडे उलटसुलट करून पाहिले.

"बदलून देऊ न काकाजी," तो म्हणाला. "नवीन संच पाठवू. सुधारित रंग म्हणून. कोणी तक्रार तर केली नाही अजून."

"तक्रार करणार कोण? ज्याले चुकीचं शिकवलं त्याले ते चूक आहे हे कसं कळन?" शामराव म्हणाले. "डबा बदलून नाही भागत. ज्यानं ज्यानं तो तुकडा हाती घेतला त्याले सांगा लागन का तू चुकीचं शिकला. लेखी. कॉलेजच्या नावानं नाही, शिकवणाऱ्याच्या नावानं. आणि चूक कशानं झाली तेही. माझं नाव घालून."

"काकाजी, असं पत्र गेलं तर उद्या कोण माल घेईन आपला? चौदा माणसं आहेत इथं. लोक म्हणतीन, मोतीबिंदूवाल्या बुढ्याले बसवलं होतं रंग पाहाले."

"म्हणतीनच. बसवलंच होतं."

धर्मेंद्र उठून खिडकीशी गेला. त्याचा चेहरा बापासारखा, कवडूसारखा झाला होता, तसाच अडलेला. तेव्हा दाराशी उभी असलेली अपेक्षा म्हणाली, "भाऊ, पत्रावर माझी पण सही घ्या. मले दिसत होतं आणि मी चूप राहिली. कोणाले कळत नाही असं नव्हतं. एकजण पाहते म्हणून बाकीच्यांनी पाहणं सोडलं होतं, असं लिहा."

पत्र लिहायला तीन दिवस लागले. हिंदीत लिहिलं, शामरावांनी मराठीत सांगितलं आणि धर्मेंद्रनं उतरवलं. दोन कॉलेजांनी मागणी थांबवली. चार ठिकाणांहून काहीच आलं नाही. दरम्यान शामरावांचा दुसरा डोळाही झाला. ठरल्या तारखेलाच ते गेले. आदल्या दुपारी मात्र उजवा डोळा झाकून ते घरभर फिरले, पलंगाशी थांबले, आणि त्या तांबूस उजेडात रमाच्या बाजूच्या भिंतीवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. पट्टी निघाल्यावर तो उजेड कुठेच नव्हता. रडू आलं ते तेव्हा, दवाखान्यातच, आणि नर्सला वाटलं की औषध झोंबलं.

नंतर एक फोन आला. डॉक्टर ललिता बंजारे. कुठल्याशा कॉलेजात सर्जरी शिकवत होत्या. त्या आधी रागावल्या, मग म्हणाल्या की तुमचे तक्ते बघून मी शिकले, बागची सरांच्या शेवटच्या बॅचची मी. "पिछले साल एक केस में मेरे स्टूडेंट ने आँत का लूप देखके बोला, मैडम ठीक है, अंदर कर दें. मैंने गरम पट्टी रखवाई, दस मिनट रुके, रंग वापस नहीं आया. काटना पड़ा. मैंने उस लड़के को सबके सामने अंधा बोला था." मग म्हणाल्या, "आज उसको फोन किया मैंने." शामरावांनी विचारलं, पेशंट? "पेशंट ठीक है. खेती करता है." शामराव फोन कानाशी धरून खुर्चीत बसले. बंजारे बाई पुढे बोलत होत्या की नवीन रंग आठवणीतून बनवू नका, येऊन पाहा. मंगळवारी आतड्याची गाठ काढायची आहे, मोठं ऑपरेशन, पेशंटला विचारून ठेवते. रंग बनवणारी असेल तिला आणा. "और आप भी आइए."

त्यांना आत जायचं नव्हतं. अपेक्षा जाईल, आपण बाहेर बाकावर बसू, असं ते मंगळवारी सकाळपर्यंत म्हणत होते. पण हिरवा अंगरखा घालून, टोपीत केस कोंबून अपेक्षा दाराशी थांबली तेव्हा तिचे हात कापत होते. ते स्थिर हात कापताना त्यांनी कधी पाहिले नव्हते. त्यांनीही अंगरखा मागितला. आतली थंडी तीच होती. वास मात्र बदलला होता, आणि दिवा पूर्वीपेक्षा कितीतरी पांढरा. कुणीतरी त्यांना स्टूल दिलं. अपेक्षा टेबलाच्या दुसऱ्या अंगाला उभी राहिली. बंजारे बाईंचे हात हलत होते, मशीनचा ठोका चालू होता. मग हिरव्या कपड्यांच्या मध्ये आतड्याची एक घडी वर आली, सिस्टरनं ती ओल्या कपड्यानं पुसली आणि हात बाजूला घेतला. शामरावांनी पाहिलं. वीस वर्षांनी पाहत होते, आणि दोन्ही डोळ्यांनी. तो रंग त्यांच्या लक्षात होता तसा नव्हता. नमुन्यासारखा नव्हता, तक्त्यांसारखाही नव्हता. तो एक रंगच नव्हता. घडी आपोआप आक्रसत, सुटत होती, आणि प्रत्येक आक्रसण्याबरोबर गुलाबी फिका होई, पुन्हा भरून येई, वर पाण्याचं तेज थरथरे. इतकी वर्षं मी कशाला हो म्हणत होतो? पण त्यात भीती नव्हती. त्यांना नुसतं पाहत राहावंसं वाटलं. पलीकडे अपेक्षा पापणी न लववता वाकून पाहत होती. तिचे हात आता थांबले होते.

"लाल थोडा कमी करा लागन," शामराव मास्कच्या आतून हळूच म्हणाले.

"नाही काकाजी," अपेक्षा म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, सिस्टरनं मान वळवून पाहिलं. "लाल आहे तेवढाच राहू द्या. तुम्ही दिव्याखालचं पाहून राहिले. इकडून या, हातांच्या सावलीत पाहा."

शामराव स्टुलावरून उतरले, टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ गेले आणि ती दाखवत होती तिथे पाहू लागले.